चहा स्वतःचा न्यायचा

बाई, काल प्रशिक्षणाच्या वर्गात एका मुलीने हात वर करून मला विचारलं, "मॅम, होम व्हिजिट में फॅमिली ने चाय ऑफर की, तो मना करना है ना?" मागे पडद्यावर तसंच लिहिलेलं होतं: कुटुंबाकडून काहीही स्वीकारू नये, नम्रपणे नकार द्यावा. वर्गात सगळी पंचविशीतली पोरं, प्रत्येकाच्या हातात टॅबलेट. घराची माहिती भरली की तो शेवटी त्या घराला गुण देतो. मी त्या मुलीला म्हटलं, "पी लेना, बेटा. और हो सके तो दूसरा कप भी माँग लेना." वर्ग हसला आणि मला बोलावणाऱ्या बाईंचा चेहरा उतरला. रिटायर झालेल्या म्हातारीला कौतुकाने बोलवावं आणि तिने पहिल्याच तासाला पडद्यावरच्या नियमाची वाट लावावी, हे कुणालाही आवडणार नाही. घरी येईपर्यंत मला गंमत वाटत होती. मग स्वयंपाकघरात दिवा लावला आणि एकदम राग आला. तो त्या मुलीचा नव्हता, तुमचा होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमचा नियम भिंतीवर आहेच. आणि माझं तुम्हाला एक उत्तर द्यायचं राहिलंय. तुमच्या स्वयंपाकघरात उभी असताना ते माझ्या तोंडाशी आलं होतं आणि मी गिळलं. आज देते.

तुम्ही माझ्या पहिल्या साहेब. चंडीगढच्या त्या ऑफिसात आपण दोघीच मराठी. मी नवऱ्याच्या केंद्र सरकारच्या नोकरीमागे अकोल्याहून आलेली, तुम्ही फौजेतले पती वारल्यावरही इथेच राहिलेल्या. आपलं काम असं, की पोरकी झालेली, सोडून दिलेली, मारहाणीतून काढलेली मुलं बालगृहात यायची आणि त्यांना कुणाच्या घरी पाठवायचं, पाठवायचं की नाही, हे आपण घर बघून, माणसं बघून सांगायचं. आपण लिहू तेच बहुतेक वेळा वरचे लोक मान्य करायचे. ऑफिसात तुम्ही हिंदी बोलायच्या, वरच्या साहेबांशी इंग्रजी, चपराशाशी चक्क पंजाबी. रागावताना मात्र मराठी. कुणासमोर माझा अपमान होऊ नये म्हणून तसं करता, असं तुम्ही म्हणायच्या. पण तुमच्या तोंडून मराठी निघाली की सगळे पंजाबी सहकारी टाईपरायटरवरचे हात थांबवून माझ्याकडे दयेने बघायचे. शब्द कळत नसले तरी खरडपट्टी कुठल्याही भाषेत कळते, बाई.

मी तुमच्याकडून शिकले नाही असं म्हणणार नाही. मुलाशी बोलताना खाली बसायचं, त्याच्या अंगावरचा वळ बघून चेहरा बदलू द्यायचा नाही, हे तुम्ही शिकवलंत. पण घराशी कसं बोलायचं, हे तुम्हाला कधीच आलं नाही. तुमचा कायदा ठरलेला होता: न कळवता जायचं, ऑफिसच्या जीपने जायचं, उभ्याने विचारायचं, आणि त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. म्हणून तुमच्या खांद्याला तो लाल थर्मास. "चहा स्वतःचा न्यायचा," तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलंत. "त्यांचा प्यायलो की आपण पाहुणे झालो. आणि पाहुण्याला खरं कुणी सांगत नाही." मला तेव्हाही नवल वाटलं होतं. तुमच्या स्वतःच्या क्वार्टरला कुणी दुपारी न सांगता आलं, तर तुम्ही खिडकीचा पडदा बाजूला करून बघायच्या आणि दार उघडायच्या नाहीत. एकदा मीच उन्हात उभी राहून परत गेले आहे. तुमच्या दाराचा तेवढा मान, आणि लोकांच्या दाराचा?

त्या दोघी बहिणी आठवतात ना? थोरली आठ-नऊ वर्षांची, धाकटी अजून नीट बोलत नव्हती. आई मोठ्या हॉस्पिटलात वारली आणि मुली वॉर्डातच राहिल्या. बाप काही महिन्यांपूर्वी घरातून नाहीसा झालेला. कुणी नेला, पोलिसांनी की दुसऱ्यांनी, हे कुणी सांगत नव्हतं. थोरली तर कशावरच बोलत नव्हती. आईच्या हॉस्पिटलातल्या कागदावर एका गावाचं नाव होतं, मुल्लानपूरच्या पलीकडचं, आणि बापाची बहीण तिथे राहते एवढंच कळलेलं. तुम्ही लगेच निघालात. जीप, ड्रायव्हर, तुम्ही, मी, आणि पंजाबातले ते दहशतीचे दिवस होते म्हणून पुढच्या सीटवर बंदूक घेतलेला एक शिपाई.

जीप गावात शिरते, तेव्हा रस्त्यावर पोरं असतात. वळून त्या बाईच्या घराशी थांबेपर्यंत एकही उरत नाही. घर गावाबाहेरच्या वस्तीत, दोन खोल्या, अंगणात एक म्हैस. बाई चाळिशीची, ओढणी कपाळापर्यंत ओढलेली. शिपाई दारात उभा राहतो. तुम्ही अंगणात उभ्याने, कागदाच्या पॅडवर पेन टेकवून विचारता, "आपका भाई कहाँ है?" ती म्हणते, "मेरा कोई भाई नहीं जी." "दो लड़कियाँ हैं उसकी." "मैनूं नहीं पता जी." हे बोलता बोलताच तिने चुलीवर दुधाचं पातेलं चढवलेलं असतं, मी बघते आहे. तुम्ही घड्याळ बघता, थर्मासचं झाकण उघडता आणि त्याच झाकणात, तिच्या अंगणात, तिच्यासमोर, आपला चहा ओतून घेता. ती तुमच्या हाताकडे बघते. मग चुलीवरचं पातेलं उतरवून ठेवते. परत येताना जीपमध्येच तुम्ही मला मजकूर सांगितलात: नातं नाकारते, माहिती लपवते, सहकार्य नाही, मुलींसाठी घर योग्य नाही. मुलींना दूरच्या मोठ्या संस्थेत पाठवावं. तिथे थोरल्यांचा आणि लहानांचा विभाग वेगळा होता, म्हणजे दोघींची ताटातूट. तेही तुम्हाला माहीत होतं.

मला झोप लागेना, असं म्हणणार नाही. मी छान झोपले. पण ते उतरवलेलं पातेलं डोक्यातून जाईना. रविवारी नवऱ्याला बहिणीकडे जाते असं सांगितलं (माझी बहीण अमरावतीला, हे त्याच्या दोन दिवसांनी लक्षात आलं) आणि सतरा सेक्टरच्या स्टँडवरून बस पकडली. साधी सुती साडी, हातात पिशवी, ना पॅड ना शिपाई. वाटेत नाक्यावर सगळ्यांना उतरवलं, सामान तपासलं, पुन्हा चढवलं. दुपारी गावात पोचले. आधीच्या दिवशी तिथल्या शाळेतल्या मास्तरांकडे ऑफिसच्या फोनवरून निरोप ठेवला होता, की एक बाई एकटी येईल, फक्त भेटायला. दार उघडंच होतं. "बैठो बीबी जी," ती म्हणाली आणि बाजेवर खेस, जाड सुती चादर, अंथरला. मी तो बाजूला करून तिच्याजवळ चुलीपाशी खाली बसले. तिने पाणी दिलं. मी प्यायले. तिने ग्लास परत घेतला आणि त्याच्या तळाशी पाणी उरलं आहे का ते पाहिलं.

मग ती बोलली, तेही आधी तुमच्याबद्दलच. "तुहाडी मैडम आपणी चाह नाल लै के आई सी," तुमच्या मॅडम आपला चहा बरोबर घेऊन आल्या होत्या. "असीं समझ गए सी जी." आम्ही समजून गेलो. काय समजून गेली, ते तुम्हाला अंगावर काटा आणणारं आहे, म्हणून स्पष्टच लिहिते. गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसाच्या हातचं पाणी न घेणारे लोक तिने जन्मभर पाहिले होते. त्यांच्यात तिने तुम्हाला बसवलं. जातपात मानली म्हणून सख्ख्या नणंदेशी बोलणं टाकलेल्या तुम्हाला! तुमच्या नियमाचा अर्थ तुमच्याजवळ एक होता, आणि तिच्या अंगणात पोचेपर्यंत तो दुसराच झाला. आणि भावाचं? दिवसा पोलिसांची जीप यायची, रात्री दुसरे बंदूकवाले यायचे, दोघंही दारात उभं राहून हाच प्रश्न विचारायचे: भाऊ कुठे आहे. बंदुकीसमोर कुठली बहीण म्हणेल, हो, तो माझा भाऊ? आपण तिसरे. आपण भीती मोजली आणि कागदावर तिला नावं ठेवली.

मी मुलींबद्दल आधी काहीच विचारलं नाही. तीच म्हशीचं दूध काढून आली, गाळलं, चहा टाकला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "छोटी हाले वी अंगूठा चूसदी ए?" धाकटी अजून अंगठा चोखते का? तिची आई त्याला कडुनिंबाचा पाला लावायची, ही पुसून टाकायची, त्यावरून दोघींचं भांडण व्हायचं. थोरलीला पालथं झोपायची सवय, रात्री कुशीवर वळवावी लागते. एकदा सुरू झाल्यावर ती थांबेना. तुम्हालाच बरं नसलं तर मुलींकडे कोण बघेल, असं मी विचारल्यावर तिने शेजारणीला हाक मारली. शेजारीण हातातलं पीठ तसंच घेऊन आली आणि तिनेही अंगठ्याचीच गोष्ट सांगितली. घर योग्य आहे की नाही ते मला तेवढ्यात कळलं. दोन कप चहा प्यायले. साखर फार होती.

सोमवारी तुम्ही मराठीत आलात. "अगं, तू चौकशीला गेली होतीस की चहापाण्याला? कुणाला विचारून गेलीस? वाटेत बसमधून उतरवून काही झालं असतं तर तुझ्या नवऱ्याला मी काय तोंड दाखवलं असतं?" मी म्हटलं, अहवाल बदला. तुम्ही म्हणालात, चहा प्यायलेल्या माणसाचा शब्द मी धरत नाही. टाईपरायटर थांबले होते. मला रडू आलं असतं तर बरं दिसलं असतं, पण मला आला तो संताप, आणि संध्याकाळी मी सरळ तुमच्या क्वार्टरवर आले. आधी कळवलं नाही. या वेळी दार वाजवतच राहिले.

तुम्ही थालीपीठ थापत होता. मला बस म्हणाला नाहीत. मी दाराला टेकून तावातावाने बोलत होते आणि तुम्ही पाठमोऱ्या, तव्यावरच्या थालीपिठाला भोकं पाडत होता. मग तुम्ही त्याच सुरात म्हणालात, "मी एका घरी जेवले होते. नवी असताना. सावत्र आई होती, गोड बोलायची. पुरणपोळी केली होती माझ्यासाठी. मी पोटभर जेवले आणि मूल परत दिलं. पुढच्या थंडीत ते गेलं." एवढंच. थालीपीठ उलटलंत. एका ताटलीत लोण्यासकट माझ्यापुढे ठेवलंत, आणि मी, एवढी भांडायला आलेली, गप्प बसून ते खाल्लं. तुमच्या घरचं खाल्ल्यावर मला पुढे बोलता आलं नाही. तुमचा मुद्दा तुम्ही तसा सिद्धच केलात म्हणायचं.

तर आता उत्तर. बाई, ते मूल तुम्ही जेवलात म्हणून गेलं नाही. तुम्ही जेवताना ते मूल कुठे होतं? ते पंगतीत होतं का? त्याच्या ताटात पुरणपोळी होती का, आणि वाढणारीकडे न बघता त्याने हात पुढे केला का? तुम्ही ताटाकडे बघितलंत, घराकडे बघितलं नाहीत, आणि पुढे आयुष्यभर ताटाला दोष दिलात. तुम्ही त्या घरी उपाशी राहिला असता तरी त्या बाईने तुम्हाला फसवलंच असतं. एका भेटीत कुणीही कुणालाही फसवतं. पुन्हा जायला हवं होतं. शेजारणीकडे बसायला हवं होतं. हे फार कठोर आहे, मला कळतंय. तुम्ही समोर असता तर कदाचित आजही बोलले नसते. पण तुमचं दुःख तुमचं होतं, त्याचा नियम करून आमच्या सगळ्यांच्या खांद्याला का अडकवलात? तुमच्या एका चुकलेल्या जेवणापायी मी किती घरांच्या चुलीवरून पातेली उतरताना बघायची होती?

आणि तुम्ही काय केलंत? नाही अहवाल बदललात, नाही आपल्या हातांनी वर पाठवलात. मुलींबद्दलच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी रजेचा अर्ज ठेवलात, पाठ दुखते म्हणून, आणि वर चिठ्ठी: माझ्या गैरहजेरीत हिने काम बघावं. म्हणजे सही माझी. निघताना दारात म्हणालात, "काही झालं तर तुझ्या डोक्यावर." तुम्ही मला वाट मोकळी करून दिलीत की हात झटकलेत, यावर मी माझ्याशी इतक्या वेळा भांडले आहे, की आता दोन्ही बाजू मला पाठ आहेत. मनाचा मोठेपणा होता असं म्हणणारे तेव्हाही होते. मी नाही म्हणत. मोठेपणा असता तर तुम्ही शेजारच्या खुर्चीवर बसला असता.

मी नवा अहवाल लिहिला आणि सही केली. मुलींना न्यायला आत्या आली ती बसनेच, नाक्यांवरून, दोन हातांत दोन कपड्यांच्या पिशव्या घेऊन. मी दारातल्या शिपायाला चहा प्यायला पाठवलं आणि दार लावून घेतलं. थोरली आली, तिने आत्याकडे बघितलं नाही, जाऊन तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि आमच्या ऑफिसात पहिल्यांदाच आवाज काढला: "बूरी दुद्ध देंदी ए?" म्हैस दूध देते का. आत्या म्हणाली, देते. मग आत्याने माझ्याकडे वळून, स्वच्छ हिंदीत, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं सांगितलं, "मेरे भाई की बेटियाँ हैं जी." भाऊ कधीच परत आला नाही. मुली मात्र मोठ्या झाल्या. मी दर महिन्याला जात राहिले, आधी निरोप देऊन, आणि त्या महिन्यांमध्ये तुम्ही एकदाही मला विचारलं नाहीत, कशा आहेत म्हणून. त्या गावाच्या शेतांवर आता उंच इमारती झाल्या आहेत. थोरली तिथल्याच एका शाळेत शिकवते. म्हशी नाहीत.

तुम्ही रिटायर होताना तो थर्मास मला दिलात, सगळ्यांदेखत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तो एकदाही भेटीला नेला नाही, हे तुम्हाला कळावं. तो माझ्या घरी आहे, नवऱ्याचा काढा त्यात राहतो. ऑफिसात मला 'चायवाली मैडम' म्हणायचे आणि मी ते नाव मिरवलं. मी जीप गावाबाहेर थांबवली, शिपायाला गाडीतच बसवलं, पहिल्या भेटीत कागद काढला नाही, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, की पहिल्या भेटीत घर दिसत नाही, आपल्याला घाबरलेलं घर दिसतं, पुन्हा जा. तेव्हा सगळे हसले. आता यातलं बरंचसं प्रशिक्षणात छापून येतं, कुणाचं तरी म्हणून. चहाचं तेवढं अजून येत नाही. मागच्या महिन्यात एक मुलगी एअरोसिटीतल्या एका फ्लॅटवर गेली होती, तिला दारावरच्या कॅमेऱ्यातूनच विचारून परत पाठवलं. तिच्या टॅबलेटने त्या घराला गुण दिले: असहकार्य. मी तिला म्हटलं, फोन करून जा, खाली बाकावर बस, आणि कुणी काही दिलं तर पी. या वयातही मी ऐकणार नाही, बाई. तुमच्याकडे असतील तिथे वरचे साहेब, त्यांना सांगा.

हे पाठवायला पत्ता नाही. तुमच्या मुलीचा आहे, पण तिला यातलं काही कळू नये. एक गोष्ट तेवढी लिहून ठेवते, कारण भांडणात ती लपवणं बरोबर नाही. त्या दिवसानंतर कुठल्याही मुलाला घरी पाठवायच्या कागदावर सही करण्याआधी मी मनात तुम्हाला समोर बसवत आले. मराठीत. तुम्ही पाठमोऱ्या थालीपीठ थापायच्या आणि मी दारात उभी राहून माझं म्हणणं मांडायची. तुमच्याशी जिंकले की सही करायची. मी प्रत्येक वेळी जिंकले नाही, बाई. काही वेळा मी चहा पिऊन, गोड बोलून, मन भरून आलेली असायची, आणि तुम्ही वळून म्हणायच्या, मूल कुठे होतं? ते मी बघितलेलंच नसायचं. ती मुलं मी पाठवली नाहीत.